लष्कराच्या भाकऱ्या

फुकट राबणाऱ्या माणसाची थट्टा करण्यासाठी आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे : लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. लष्कर कुणाचे, चालले कुठे, जिंकणार की हरणार, याची काडीइतकी चौकशी न करता चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणारी ती माणसे कोण होती, हे कुणी लिहून ठेवले नाही. बखरींत सरदारांची नावे सापडतात, घोड्यांची सापडतात, एखाददुसऱ्या हत्तीचेही सापडते. भाकऱ्या भाजणारे तेवढे एका वाक्प्रचारात उरले, आणि तेही थट्टेपुरते.

संमेलनांच्या इतिहासाचे काही वेगळे नाही. १८७८ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. तेव्हापासून आपले साहित्य संमेलन गावोगाव हिंडते आहे. अध्यक्षांची नावे शाळेतली पोरेही पाठ करतात; पण पाने कुणी मांडली, रात्री दोन वाजता स्टेशनवर कंदील घेऊन पाहुण्यांची वाट कोण पाहत उभे राहिले, हे विचारले तर मौन. मी स्वतः एकदा आमच्या जिल्ह्याच्या साहित्य संमेलनात भोजनव्यवस्थेत होतो. तीन दिवसांत एकही व्याख्यान माझ्या कानी पडले नाही. अमक्या वक्त्याने सभा जिंकली, हे मला आमटीच्या पातेल्यापाशी कळले. म्हणून असेल कदाचित, पण कोणत्याही संमेलनाची हकीकत वाचताना माझी नजर मंचाकडे न जाता मांडवाच्या मागल्या दाराकडे जाते.

या लेखात ज्या संमेलनाची हकीकत सांगायची आहे, ते साहित्याचे नाही. संगणकवाल्यांचे आहे. दचकू नका, त्यातले गणित मलाही येत नाही आणि इथे त्याची गरजही नाही. ही हकीकत यजमानांची आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत मॅसेच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील एका प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक नवे छपाईयंत्र भेट दिले. यंत्र उत्तम, पण कागद वारंवार अडकायचा. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करीत असे. जुन्या यंत्रावर त्याने एक सोय करून ठेवली होती : कागद अडकला की छपाईसाठी थांबलेल्या सर्वांच्या संगणकावर सूचना जायची आणि कुणीतरी उठून तो सोडवायचा. नव्या यंत्रालाही तेच करावे असे त्याच्या मनात आले. त्यासाठी यंत्र चालवणारा मूळ मजकूर, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर, हवे होते. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे ते आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्या माणसाने चक्क नकार दिला. कुणाला दाखवणार नाही, असे तो कंपनीला लिहून देऊन बसला होता.

शेजाऱ्याने विरजण मागितले आणि आपण 'गवळ्याशी करार आहे' म्हणून दार लावले, तसे हे झाले. स्टॉलमनच्या मनाला ते लागले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने जाहीर केले की, कुणालाही वापरता येईल, उघडून पाहता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल असे संपूर्ण सॉफ्टवेअर मी लिहावयास घेत आहे. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात, आणि गेली चाळीस वर्षे ती मंडळी त्यातला 'फुकट' हा अर्थ नव्हे, हे जगाला समजावून सांगत आहेत. मराठीत ही अडचणच नाही. फुकट ते फुकट आणि मुक्त ते मुक्त. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर ओव्या म्हणत. ओवी कुणाची? जिच्या तोंडी असेल तिची. सासरच्या ओवीत माहेरची ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नसे, आणि घातलेली ओळ दुसरीने उचलली तर चोरी होत नसे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने मला सांगता येणार नाही.

पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या लीनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले, ते याच वाटेवर येऊन मिळाले. आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजी ईअन मर्डॉक या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने हे सगळे सुटे भाग एकत्र बांधून कुणालाही संगणकावर घालता येईल अशी एक मोट बांधायचे ठरवले. तिचे नाव डेबियन. त्या वेळच्या त्याच्या प्रेयसीचे नाव डेब्रा आणि त्याचे ईअन. दोन नावे जोडून डेबियन. पुढे ब्रूस पेरेन्स या गृहस्थांकडे सूत्रे आली. ते पिक्सार या चित्रपट कंपनीत नोकरीला होते, म्हणून डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्याचे नाव देण्याची चाल पडली. ती आजतागायत चालू आहे. जगभरच्या सर्व्हरांत आणि प्रयोगशाळांत चालणाऱ्या या गंभीर वस्तूचे बारसे खेळण्यांवरून होते, हे मला फार आवडते.

ही डेबियन कोणत्याही कंपनीची नाही. सुमारे हजार अधिकृत सभासद जगभर विखुरलेले. ते दर वर्षी मतदानाने आपला प्रमुख निवडतात. पगार देणारे कुणी नाही. वर्षानुवर्षे एकमेकांशी पत्रांतून भांडलेली, एकमेकांचे काम दुरुस्त केलेली ही माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नव्हती. २००० सालच्या जुलैत फ्रान्समधल्या बोर्दो शहरी तिथल्या मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या स्थानिक मंडळाने एक मोठा मेळावा भरवला. थिएरी लारोंद या गृहस्थांच्या मनात आले की, याच मांडवात डेबियनवाल्यांनीही जमावे. जमली ती मूठभर मंडळी. त्या जमण्याला पुढे 'डेबकॉन्फ शून्य' असे नाव पडले. संगणकवाले मोजणी शून्यापासून करतात. त्यामुळे त्यांच्या पहिल्या संमेलनाला पहिले म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा बोर्दो. मग २००२ साली टोरांटो, २००३ साली ओस्लो, २००४ साली ब्राझीलमधले पोर्तो आलेग्रे, २००५ साली हेलसिंकी. दर वर्षी नवे गाव, नवे यजमान. कायमचे कार्यालय नाही, कायमचा मंडप नाही. हे ऐकल्यावर आपल्या माणसाला साहित्य संमेलनाची आठवण होते, ती योग्यच आहे. फरक एवढा की, इथे स्वागताध्यक्ष म्हणून कुणी कारखानदार किंवा मंत्री नसतो. असतात ती त्या गावातली दहा-वीस तरुण पोरे. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, आणि रात्री हे.

गाव ठरते कसे, तेही पाहण्याजोगे आहे. ज्या गावाला संमेलन बोलवायचे आहे त्याने निमंत्रण मांडायचे. निमंत्रण म्हणजे 'आमच्याकडे या, कृपाभिलाषी' अशी पत्रिका नव्हे. विमानतळापासून ठिकाण किती दूर? कोणत्या देशाच्या माणसाला व्हिसा मिळेल आणि कोणाला मिळणार नाही? तीनशे-चारशे माणसांना एकाच जागी झोपायला खोल्या आहेत का, आणि त्याच जागी व्याख्यानांची दालने आहेत का? तार, म्हणजे आजच्या भाषेत इंटरनेट, किती दमाचे? रात्री तीन वाजता दिवे मालवून बाहेर काढणार नाहीत ना? चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पायऱ्या चढाव्या लागतील का? शाकाहारी माणूस उपाशी राहील का? पैसे कमी पडले तर काय? हे सगळे लिहून उघड्यावर ठेवायचे, प्रतिस्पर्धी गावानेही ते वाचायचे, आणि मग एक समिती बसून निर्णय करणार. बैठका होतात त्याही बहुतेक टंकलेखनाने, कारण एक यजमान कोचीत, दुसरा माँट्रिअलमध्ये. आणि त्या बैठकीतला शब्द न् शब्द नोंदला जाऊन जगाला दिसतो. आपल्या नगरपालिकेच्या सभेला हा नियम लावला तर काय होईल, याचा विचार वाचकांनी सवडीने करावा.

पैशाची बाब नाजूक आहे. मोठमोठ्या कंपन्या, अगदी गूगल आणि सीमेन्ससारख्या, या संमेलनांना देणग्या देत आल्या आहेत. त्यांचे कारभार या फुकट मिळालेल्या वस्तूवर चालतात, त्यामुळे देणगी हे उपकार म्हणावे की परतफेड, हा प्रश्नच आहे. देणगीच्या रकमेप्रमाणे सोने, रूपे, कांसे अशा पायऱ्या लावून नावाची पाटी टांगतात. गणपती उत्सवाच्या कमानी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचे नाही. परंतु ज्यांनी एका कंपनीच्या बंद दाराविरुद्ध सगळा संसार मांडला, त्यांच्याच मांडवात कंपनीची पाटी लावताना हात थोडा अडखळत असणार. यावर त्यांच्यात वादही होतात. मला विचाराल तर पाटी लावावी आणि त्या पैशातून दूरदेशीचा एखादा विद्यार्थी आणावा. तसे ते करतातही. ज्यांना प्रवासखर्च परवडत नाही त्यांनी अर्ज करायचा. अर्ज पाहून कुणाला तिकीट, कुणाला राहणे-जेवण. पैसा मोजका आणि अर्ज फार. ज्याच्या कामाबद्दल आपल्याला आदर आहे त्यालाच 'यंदा जमत नाही' असे कळवणे, ही यजमानाच्या कामातली सगळ्यांत कडू गोळी असावी.

मांडव उभा राहिला की आणखी एक नवल दिसते. तिथे मानकरी आणि सेवेकरी अशा दोन जाती नसतात. सकाळी ज्याचे व्याख्यान ऐकायला दालन भरले, तोच दुपारी दुसऱ्याच्या व्याख्यानाला कॅमेऱ्यामागे उभा असतो. ध्वनी सांभाळणे, चित्रीकरण करणे, वक्त्याची ओळख करून देणे, आल्या माणसाला गळ्यातली चिठ्ठी देणे, हे सगळे आलेल्यांपैकीच कुणीतरी नाव नोंदवून करते. प्रत्येक व्याख्यान टिपून ठेवायचे आणि येऊ न शकलेल्याला घरबसल्या दाखवायचे, याबद्दल ते विशेष हट्टी आहेत. गैरहजर माणसाचे इतके अगत्य मी आणखी कुठल्या संमेलनात पाहिलेले नाही.

हेलसिंकीला एक प्रथा सुरू झाली. तिथल्या उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो. त्या लांबलेल्या संध्याकाळी कुणीतरी आपल्या गावचे चीज काढले, कुणी वाइन काढली. पुढल्या वर्षापासून प्रत्येकाने आपल्या गावची खाण्याची वस्तू आणायचीच, असा दंडक पडला. नाव चीज आणि वाइनचे असले, तरी टेबलावर जगातली सगळी मिठाई आणि लोणची येऊन पडतात. पाहुण्यांनीच शिधा आणल्यामुळे त्या एका रात्रीपुरती यजमानाची चूल थंड राहते.

दुसरी एक प्रथा मात्र गमतीची असूनही अंगावर काटा आणणारी आहे. हे लोक एकमेकांना दुरून ओळखतात ते एका सांकेतिक किल्लीवरून. समोरचा माणूस तोच, याची खात्री म्हणून संमेलनात सर्वजण रांगेने उभे राहतात, एकमेकांचे पासपोर्ट तपासतात आणि मग एकमेकांच्या किल्लीवर आपली सही करतात. २००६ साली संमेलन मेक्सिकोतल्या ओआश्तेपेक गावी होते. सरकारने कामगारांच्या सुट्टीसाठी बांधलेल्या विश्रामस्थानी उतरण्याची सोय होती. त्या वर्षी एका जुन्या सभासदाने पासपोर्टऐवजी एक दिसायला झकपक ओळखपत्र पुढे केले. ते ज्या 'देशा'चे होते, तो देश पृथ्वीच्या पाठीवर नव्हताच. एका कलावंतमंडळीने काढलेले ते कल्पित प्रजासत्ताक. बहुतेकांनी एक नजर टाकून त्यावर विश्वास ठेवला. थोड्यांनीच मान हलवली. नंतर त्याने स्वतःच हे जाहीर केले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! कुणी म्हणाले फसवणूक, कुणी म्हणाले धडा. मला त्यात आपल्या शाळेच्या दाखल्यांची आठवण झाली. शिक्का असला की आपण वाचत नाही. आणि तरीही, अनोळखी माणसांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासावर जगातले केवढे काम चालले आहे!

२००९ सालच्या संमेलनाचे गाव शिक्षक म्हणून मला जवळचे वाटते. स्पेनमधला एक्स्त्रेमादुरा हा प्रांत. कोर्तेस आणि पिसारो हे दोघे जग लुटायला निघाले ते याच प्रांतातून. त्यांनी आणलेले सोने कुठे गेले कोण जाणे, प्रांत आपला गरीबच राहिला. २००२ साली तिथल्या प्रांतसरकारने ठरवले की, परक्या कंपनीला दर प्रतीमागे पैसे मोजण्यापेक्षा डेबियनवरून आपलेच सॉफ्टवेअर बांधावे. त्याचे नाव लिनेक्स. माध्यमिक शाळांतून दोन मुलांमागे एक संगणक बसला. चित्रे काढण्याच्या प्रोग्रामला त्यांनी झुर्बारान हे नाव दिले. तो त्याच प्रांतात जन्मलेला थोर चित्रकार. आपल्याकडच्या शाळेत मुलाने चित्रे काढायला संगणक उघडावा आणि त्यावर 'राजा रविवर्मा' अशी अक्षरे यावीत, असे ते झाले. अशा प्रांताच्या कासेरेस शहराने डेबियनच्या मंडळींना घरी जेवायला बोलावले, यात यजमानपणापेक्षा कृतज्ञता अधिक होती. पुढे सरकारने त्या उपक्रमातून हात काढून घेतला. सरकारी चुलीचे हे असेच असते. पेटते मोठ्या समारंभाने आणि विझते कधी ते कळत नाही.

आपला या गोष्टीशी काय संबंध, असे कुणी विचारील. त्याच २००९ सालच्या फेब्रुवारीत डेबियनची जी आवृत्ती निघाली, तिच्यापासून डेबियन संगणकावर घालताना पडद्यावर मराठी निवडता येऊ लागली. शेकडो वाक्ये कुणीतरी बसून मराठीत केली. 'पुढे चला', 'मागे जा', 'संकेतशब्द पुन्हा भरा' यांसारख्या ओळींना मानधन नाही, दिवाळी अंकात छापून येण्याची शक्यता नाही. मी कादंबऱ्या लिहितो. एका शब्दासाठी दिवसभर अडून बसण्याची चैन मला परवडते, कारण त्या शब्दाखाली माझे नाव असते. या भाषांतरकारांच्या शब्दांखाली नाव कोण वाचणार? पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि पुण्यातले लिनक्सप्रेमी मिळून जीएनयुनिफाय नावाचा मेळावा भरवू लागले, तोही याच जातीचा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी वर्गणी, वक्ते, माईक आणि वडापाव यांची जुळवाजुळव करायची. त्यात ती पोरे जे शिकतात ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

२०२२ साली संमेलन कोसोव्होतल्या प्रिझ्रेन शहरी भरले. २००८ साली स्वतंत्र झालेला हा चिमुकला देश. युद्ध संपल्यावर शांतता राखायला आलेल्या जर्मन फौजेचा तिथे तळ होता. फौज गेली, बराकी रिकाम्या राहिल्या, त्यांत तरुणांना धंदेशिक्षण देणारे केंद्र उघडले, आणि त्याच बराकींत डेबियनवाले उतरले. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या अशाही भाजल्या जातात! मात्र हा देश आहे की नाही, यावरच जगाचे एकमत नाही. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. तेव्हा दिल्लीत त्यांचा वकील नाही आणि आपल्याकडच्या माणसाला तिथे जाण्याचा परवाना मिळवणे म्हणजे दिव्यच. मुक्त सॉफ्टवेअरला सीमा नाही हे खरे. ते लिहिणाऱ्याला मात्र पदोपदी आहे.

आणि मग २०२३. संमेलन भारतात यायचे पहिल्यांदाच ठरले. गाव कोची.

केरळने हा मान मिळवावा यात आश्चर्य नाही. २० जुलै २००१ रोजी तिरुवनंतपुरममध्ये स्टॉलमनच्या उपस्थितीत भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या शाळांच्या संगणकशिक्षणाच्या योजनेने पुढे मुक्त सॉफ्टवेअरचीच कास धरली. गावोगावच्या सरकारी शाळांतली मुले त्यावरच शिकली. मलयाळम लिपी संगणकावर नीट उमटावी म्हणून 'स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग' या मंडळींनी वर्षानुवर्षे खपून टंक तयार केले, ते कुणालाही घेता येतात. तेव्हा कोचीचे यजमान आभाळातून पडलेले नव्हते. ज्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअर शिकवले गेले, त्याच राज्यातली एक पिढी आता मोठी होऊन पाहुणे बोलावीत होती. फळ दिसायला वीस वर्षे लागली. शाळेच्या कामात हिशोब असाच लांबचा असतो.

यजमानांपुढे डोंगर उभे होते. आपल्या देशात परदेशी माणसाला परिषदेसाठी यायचे तर परिषदेचा वेगळा व्हिसा लागतो आणि त्यासाठी यजमानाने परराष्ट्र खाते व गृह खाते या दोघांची मंजुरी आणायची. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात 'परदेशी पाहुणा पाहावा आणून' हे जोडायला हरकत नाही. २९ ऑगस्टला तिरुओणम होता. सगळे केरळ फुलांच्या रांगोळ्या काढीत असताना ही पोरे याद्या, खोल्या आणि तारा यांच्यामागे असणार. ३ सप्टेंबरला आधीचे शिबिर सुरू झाले, १० सप्टेंबरला मुख्य संमेलन. काक्कनाडच्या इन्फोपार्कमधल्या एका हॉटेलात ३५ देशांतली ४७४ माणसे जमली. व्याख्याने, चर्चा, कार्यशाळा मिळून ८९ कार्यक्रम झाले. बोर्दोच्या त्या मूठभरांची ही तेविसावी वर्षे.

या संमेलनात आठवड्याच्या मध्यावर एक दिवस सहलीचा असतो. डोके तापलेल्या माणसांनी संगणक मिटून गाव पाहावे, ही त्यामागची मायेची योजना. कोचीत तो बुधवार, १३ सप्टेंबर होता. केरळात सहल म्हणजे पाणी आलेच. काही मंडळी वल्ह्यांच्या छोट्या नावांतून गेली. त्या जलसहलीत अपघात झाला आणि एक तरुण गेला.

तो पाहुणा नव्हता. यजमानांपैकी होता, केरळचाच. डेबियनचा अधिकृत सभासद. संमेलनाची सगळी सजावट आणि चित्रांकन त्याच्या देखरेखीखाली झाले होते. नव्याने येणाऱ्या मुलांना हाताला धरून काम शिकवण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. भारतातल्या डेबियनवाल्यांचे संकेतस्थळ उभे करण्यातही त्याचा हात होता. म्हणजे ज्या भिंतीकडे पाहावे तिच्यावर त्याचे काम, आलेला प्रत्येक माणूस ज्या खुणेखाली वावरत होता ती खूण त्याच्या देखरेखीतली, आणि तो नाही.

लग्नघरात मृत्यू झाला तर काय करायचे, याचे आपल्याकडे शास्त्र आहे. संमेलनाला असे शास्त्र नाही. चारशेवर माणसे जगाच्या कोपऱ्यांतून आलेली, त्यांची परतीची तिकिटे ठरलेली. त्यातली कित्येक त्याला त्याच आठवड्यात पहिल्यांदा भेटलेली, आणि कित्येक वर्षानुवर्षांची ओळख असूनही पहिल्यांदाच भेटलेली. यजमान पोरांचा तर घरातलाच माणूस गेला होता. त्यांनी रडायचे, की पाहुण्यांच्या जेवणाचे पाहायचे? त्यांनी दोन्ही केले. संमेलन १७ सप्टेंबरला संपले. समारोपाच्या निवेदनात आकडे होते, देणगीदारांचे आभार होते आणि त्याचे नाव होते. अशा निवेदनात मरण आलेल्या यजमानासाठी जागा असते, हे मी पहिल्यांदा वाचले.

या प्रसंगावर मी बराच विचार केला आहे आणि त्यातून कुठलाही निष्कर्ष काढायला माझे मन तयार होत नाही. फुकट राबणाऱ्याच्या पदरी काय पडते, असे विचारणाऱ्यांना एवढेच दाखवता येईल की, त्याच्या जाण्याने ३५ देशांतली माणसे हळहळली, आणि ती त्याला पगारावरून ओळखत नव्हती.

समारोपाची रीत अशी की, पुढल्या वर्षीचे यजमान जाहीर व्हायचे. कोचीत गाव जाहीर झाले ते इस्रायलमधले हैफा. हैफाच्या मंडळींची कथा निराळीच. २०२० सालचे संमेलन त्यांच्याकडे भरायचे होते. सगळी जुळवाजुळव चालू असताना करोनाची साथ आली आणि ऑगस्टमधले ते संमेलन घरोघरच्या पडद्यांवर उरकावे लागले. हैफाला कुणी गेले नाही. त्यांनी धीर सोडला नाही; २०२४ सालासाठी पुन्हा चूल मांडली. कोचीत घोषणा झाली ती सप्टेंबरात. ऑक्टोबर २०२३ च्या ७ तारखेला हमासचा हल्ला झाला, मागोमाग गाझातले युद्ध पेटले, आणि हैफाचा मांडव दुसऱ्यांदा उभारण्याआधीच उतरवला गेला. दोन वेळा पीठ मळले, दोन्ही वेळा तवा थंड. इतिहासात या यजमानांची नोंद 'भरले नाही' एवढ्या दोन शब्दांत होईल. पण न भरलेल्या संमेलनालाही भरलेल्याइतकाच पत्रव्यवहार लागतो.

मग कोरियातल्या बुसान शहराने पाहुण्यांना बोलावले. इतर यजमानांना दीड-दोन वर्षे मिळतात, त्यांना त्याहून पुष्कळ कमी मिळाली. २०२४ च्या २८ जुलैला तिथल्या विद्यापीठात संमेलन सुरू झाले आणि वेळेवर पार पडले. २०२५ सालचे जुलैमध्ये ब्रेस्टला झाले. ब्रेस्ट फ्रान्समध्ये, अटलांटिकच्या काठी; बोर्दोही त्याच किनाऱ्यापासून फार आत नाही. चोवीस वर्षांनी संमेलन पुन्हा त्या देशात परतले होते, आणि नाव नोंदवायच्या टेबलामागे बसलेली बरीच पोरे पहिल्या वेळी पाळण्यात असतील.